पाड्याच्या वाटेची फटफटी



भात खळ्यावरून घरात आले, नाचणी-वरई झोडून झाली, खुरासणीचे चार पैसे हाती आले, की आपल्याकडे घरोघर दोन विषय निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. हल्ली तर दुसरा पहिल्याच्या आधी निघतो. पोशेरा आणि त्याच्या भोवतालच्या पाड्यांवर फिरताना बियाण्याचे बोलून होते, मोगऱ्याच्या छाटणीचे बोलून होते, आणि चहाचा कप पुढे करता करता घरधनी हळूच विचारतो, "भाऊसाहेब, पोरगा फटफटी घ्यायची म्हणतो. कोणती घ्यावी?" इतक्या घरांतून हा प्रश्न आला की या आठवड्याचे सदर त्यालाच देतो आहे.

शेतीच्या पानावर फटफटीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मुलखात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विळा-कुदळीसारखे तेही एक अवजार झाले आहे. मोगऱ्याची कळी पहाटे तोडली की ती दादरच्या फुलबाजाराला ताजी पोचावी लागते. पाड्यावरून सडकेपर्यंत ती वेळेत आली नाही तर दिवसाची मेहनत पाण्यात. युरियाची ४५ किलोची गोणी, रेशन, आठवड्याचा बाजार, मुलांची शाळा, सगळे आता या दोन चाकांवर आले आहे. आणि दुखणेही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तालुक्यात, बोटोशीच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला डोलीत घालून न्यावे लागले आणि तिची जुळी बाळे दगावली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. जिथे चार चाकांची वाट नाही तिथे दोन चाकेच आधी धावतात. आशाताईला आणायला आणि रुग्णवाहिकेला सडकेवर गाठायला तीच पुढे जातात.

तेव्हा हे अवजार निवडताना विचार हवा. पेरणी फसली तर दुबार पेरणी तरी करता येते. गाडी चुकीची निघाली तर तिचे हप्ते दोन-तीन वर्षे फेडावे लागतात आणि गाडी पडवीत उभी राहते.

सगळ्या सांगण्याचे सार आधीच सांगून ठेवतो. सडकेवर कोणतीही गाडी चालते. निवड करायची ती पाड्याच्या वाटेसाठी, आणि त्या वाटेला मोठी गाडी लागत नाही, हलकी लागते.

आधी आपली वाट मोजा

बैल घेताना आपण आधी आपली जमीन बघतो. भाताच्या खाचरात चालणारा बैल वेगळा आणि काळ्या रानातला वेगळा. गाडीचेही तसेच आहे. दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस एक काम करा. घरातल्या कोणाला तरी वहीत लिहायला सांगा, की कोण कुठे गेले, किती किलोमीटर डांबरावरून गेले आणि किती मुरमावरून, दगडावरून, ओढ्यातून गेले.

बहुतेक घरांचा हिशेब असा निघतो, की मोखाडा, खोडाळा किंवा जव्हार गाठताना दहातले आठ-नऊ भाग डांबर आणि शेवटचा एक-दोन भाग कच्चा. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, २०१५ साली मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. त्यामुळे डांबर बरेच आत आले. पण सडक पाड्याच्या तोंडाशी थांबते आणि पुढे चढण, मुरूम, पावसात निसरडी तांबडी माती आणि ओढ्यातले गोटे लागतात. गाडी पडते ती याच शेवटच्या तुकड्यात. फूटरेस्ट वाकते, सायलेन्सर आपटतो, टायर फाटतो, तोही याच तुकड्यात.

म्हणजे आपल्याला गाडी हवी ती दोन्हीकडची. जव्हारच्या सडकेवर किंवा त्र्यंबककडे जाताना तोरंगणच्या घाटात ट्रक-बसच्या बाजूने धीराने चालेल अशी, आणि पाड्याच्या वाटेवर तोल गेला तर पाय टेकून सावरता येईल अशी.

वजन ही पहिली परीक्षा

दुकानात गेलात की आधी वजन विचारा. किती सीसी, किती पळते, हे नंतर.

कारण साधे आहे. कच्च्या वाटेवर गाडी आज ना उद्या आडवी होणारच. त्या वेळी जवळ माणूस नसेल, चिखल असेल, संध्याकाळ झाली असेल. आडवी पडलेली गाडी तुम्हाला एकट्याला उभी करता आली पाहिजे. जी गाडी एकट्याने उचलता येत नाही ती पाड्याची गाडी नव्हे.

उचलण्याचीही एक रीत आहे, ती पोरांना शिकवून ठेवा. आधी इंजिन बंद करा. मागची गोणी सोडून बाजूला ठेवा. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधी उघडा आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे उभी करताना ती पलीकडे पडणार नाही की घरंगळणार नाही. मग सीटला पाठ लावून उकिडवे बसा. एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कडीवर घाला, आणि कमरेने न ओढता पायांच्या जोरावर मागे मागे चालत उभे राहा. भाताचा भारा डोक्यावर घेताना जोर पायांत असतो, तसाच इथेही.

आता आकडे पाहू. हे कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आहेत. मॉडेल बदलले की थोडे इकडे-तिकडे होतात, म्हणून घेताना ताडून पाहा. होंडाची शाइन १०० ही २०२३ साली आलेली गाडी ९९ किलोची. हिरोची स्प्लेंडर प्लस ११२ किलोची. बजाजची प्लॅटिना १०० ही ११७ किलोची. याच बजाजने २०२१ साली खेड्यातल्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून सीटी ११०एक्स काढली. खडबडीत टायर, मागे कॅरिअर, इंजिनखाली पत्रा, आणि वजन १२७ किलो. टीव्हीएसची एक्सएल १०० तर नव्वद किलोच्या आतच आहे.

दुसऱ्या बाजूला ज्या गाड्यांची चित्रे पोरांच्या मोबाइलमध्ये असतात त्या बघा. हिरोची एक्सपल्स २००, जी २०१९ साली आली, ती दीडशे किलोच्या वर. २०२५ ची एक्सपल्स २१० ही १६८ किलोची. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन १९६ किलोची. या गाड्या वाईट आहेत असे मुळीच नाही. दगडा-खड्ड्यांसाठी त्यांचे पुढचे चाक मोठे, चक्क २१ इंची असते आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर लांब पल्ल्याचे असतात. ज्याला लांबचा प्रवास करायचा, ज्याची उंची आहे आणि खिसाही आहे, त्याने जरूर घ्यावी. पण पंचावन्न किलोच्या माणसाने चिखलात १६८ किलोचे धूड उचलायचे, तेही मागे नाचणीचे पोते बांधून, हा विचार घरात बसून करावा. ओढ्यात उभे राहून करण्याची वेळ येऊ देऊ नये.

राजदूतपासून आजपर्यंत

जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी खेड्यात फटफटी म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. राजदूतने दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची पिढी वाहिली. मजबूत होती, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि ती पीतही बरेच असे. मग १९८५ च्या सुमारास जपानी धर्तीच्या शंभर सीसी गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १०० पळण्यात पुढे. हिरो होंडाची सीडी १०० पेट्रोल वाचवण्यात पुढे. आणि आपल्या महाराष्ट्रात बजाजची एम ८०. तिच्यावर काय लादले नाही ते विचारा! कोंबड्यांची खुराडी, दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या सीडी १०० चे इंजिन ९७.२ सीसीचे होते. आजच्या स्प्लेंडरचे इंजिनही ९७.२ सीसीचेच आहे. मधल्या चाळीस वर्षांत कंपन्या वेगळ्या झाल्या, कार्बोरेटर गेला, पण मूळ घराणे तेच राहिले. म्हणूनच तिचा सुटा भाग लहानशा बाजारगावातही मिळतो आणि तिचे पोट उघडून बसवणारा कारागीर नाक्या-नाक्यावर भेटतो. उलट २०११ साली हिरोनेच इम्पल्स नावाची उंच, दोन्ही वाटांची गाडी काढली होती. गाडी चांगली होती, पण खप झाला नाही आणि काही वर्षांत बंद पडली. ज्यांनी ती हौसेने घेतली त्यांना पुढे सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. खेड्यातल्या माणसाने नवलाईच्या मागे जाण्याआधी एवढे पाहावे.

पाय टेकतो का, पोट घासते का

वजनानंतर बसायची उंची. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला नीट टेकले पाहिजेत. स्प्लेंडर किंवा शाइनची सीट सुमारे ७८५ मिलिमीटर, म्हणजे एकतीस इंच. एक्सपल्स, हिमालयन यांची ८२५ मिलिमीटर आणि वर, म्हणजे साडेबत्तीस इंचांच्या पुढे. दीड इंच म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण उतारावर थांबताना एका बाजूची जमीन आधीच चार बोटे खाली असते. तिथे हाच दीड इंच माणसाला गाडीसकट आडवे करतो. आणि दुकानात बसून पाहाल तेव्हा चपला काढू नका, पावसाळी बूट घालून जाऊ नका. रोज जे पायात असते तेच घालून बसा.

मग जमिनीपासून इंजिनाचे अंतर. दुकानदार याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतो. स्प्लेंडरचे १६५ मिलिमीटर, शाइन १०० चे १६८, सीटी ११०एक्सचे १७०, प्लॅटिना १०० चे २००, एक्सपल्सचे २२०. आपल्या वाटेवरचा सर्वांत उंच गोटा वितीने मोजा. वीतभराहून थोडा कमी उंच दगड वाटेत नेहमीचा असेल तर प्लॅटिनासारखी गाडी विचारात घ्या. एखाद-दुसराच असेल तर पहारीने तो गोटा काढून टाकणे सर्वांत स्वस्त. पाड्यावरच्या चार घरांनी मिळून एक सकाळ वाटेवर घालवली तर चार गाड्यांची पोटे वाचतील.

चाक मोठे असेल तितके खड्ड्यात कमी अडकते. म्हणून दहा-बारा इंची चाकांच्या स्कूटरी सडकेवर सुखाच्या असल्या तरी गोट्यांवर त्रास देतात. सतरा-अठरा इंची चाक आपल्याला योग्य. रिम आऱ्याची घ्यावी की ओतीव, हा वाद नेहमी होतो. ओतीव रिमवर ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर जागच्या जागी काढता येते, हा फायदा. पण दगडावर आपटून ती तडकली तर बदलावीच लागते. आऱ्याची रिम वाकते, तिला कारागीर पुन्हा सरळ करतो. वाट फार दगडी असेल त्यांनी आऱ्याची घ्यावी, बहुतेक डांबर असेल त्यांनी ओतीव.

टायरच्या बाबतीत एक सूचना. फार मोठ्या दातांचे टायर हौसेने बसवू नका. ते चिखलात धरतात, पण ओल्या डांबरावर घसरतात आणि लवकर झिजतात. मध्यम दातांचे, कंपनीने सांगितलेल्या मापाचेच बसवा. टायर गुळगुळीत होण्याआधी, मृगाच्या तोंडावर बदला. छप्पर जसे पावसाआधी शाकारतो तसे.

ओझे आणि बाईमाणूस

शंभर सीसीच्या गाडीची वाहण्याची मर्यादा माणसे आणि ओझे मिळून साधारण १३० ते १५० किलो असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. साठ किलोचा चालक आणि ४५ किलोची युरियाची गोणी झाली १०५. त्यावर आणखी एक माणूस बसवला की मर्यादा ओलांडली. आणि तीन माणसे बसवणे तर कायद्यातही नाही आणि शहाणपणातही नाही.

गोणी बांधताना ती सीटच्या शेवटाला लोंबती बांधू नका. मागे ओझे गेले की चढणीला पुढचे चाक उचलते आणि हँडल हलके होते. चालकाच्या पाठीला चिकटून, आडवी, दोन दोऱ्यांनी घट्ट बांधा. मागच्या टायरमधली हवा ओझ्यासाठी वेगळी सांगितलेली असते, तेवढी भरा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मेंढपाळ आणि शेतकऱ्यांसाठी खास शेतीच्या फटफट्या बनतात. यामाहाची एजी २०० ही त्यातली नावाजलेली. आपल्याकडे ती मिळत नाही, पण तिच्याकडून शिकता येते. तिची साखळी पूर्ण झाकलेली असते, चिखल आत जात नाही. पुढे-मागे कॅरिअर असते. आणि स्टँड दोन्ही बाजूंना असतो, कारण डोंगरउतारावर कोणत्या बाजूला उभी करावी लागेल याचा नेम नाही. आपल्या साध्या गाड्यांना साखळीचे झाकण असते. ते 'दिसायला बरे नाही' म्हणून पोरे काढून टाकतात. काढू देऊ नका. स्टँड आपल्याला एकच, म्हणून हाताच्या पंज्याएवढी फळीची चकती दोरीने गाडीला बांधून ठेवा. चिखलात स्टँडखाली ठेवली की गाडी रुतून पडत नाही.

मागच्या चाकाला साडी-गार्ड असते, तेही काढायचे नाही. मागे बसणाऱ्यासाठी हाताची कडी, पायाला आधार आणि अर्धे चाक झाकणारे आवरण असलेच पाहिजे, असा मोटार वाहन नियमच आहे. लुगड्याचा पदर चाकात गेला की क्षणात होत्याचे नव्हते होते.

आणि गाडी घेण्याआधी घरातल्या बाईला विचारा. मोगऱ्याची पाटी सडकेवर बहुतेक घरी तीच नेते. ती चालवणार असेल, तिच्या हातचे काम असेल, तर बिनगिअरची, मधून पाय घालता येणारी एक्सएलसारखी गाडी तिला सोपी. पुढच्या सपाट जागेवर गोणीही राहते. मात्र तिची ताकद थोडी आणि चाके लहान. खडी चढण आणि दोन माणसे असतील तर ती दमते. घरात एकच गाडी येणार असेल तर घरातली सर्वांत कमी उंचीची जी व्यक्ती ती चालवणार, तिच्या मापाने घ्या. उंच माणसाला बुटकी गाडी चालवता येते. उलटे जमत नाही.

उतार, ब्रेक आणि पाणी

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा गिअर काढून गाडी सोडण्याची सवय फार लोकांना आहे. घाटात हे जिवाशी खेळणे आहे. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुधा जोडब्रेक असतात. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सडकेवर हे फार चांगले. पण सुट्या मुरमाच्या उतारावर एकदम जोरात दाबला तर पुढचे चाक घसरू शकते. तिथे पहिला गिअर आणि हलका पाय. नवी गाडी आणली की पहिल्या दिवशी मोकळ्या मुरमावर सावकाश चार-पाच वेळा ब्रेक लावून तिची खोड ओळखून घ्या.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. हलकी गाडी चिखलात तारते, पण वाहत्या पाण्यात तीच आधी वाहून जाते. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर किक मारत बसू नका. पाणी आत ओढले जाते आणि दोन हजारांचे काम वीस हजारांवर जाते. ढकलत बाहेर काढा आणि कारागिराला दाखवा.

दुरुस्ती कुठे होणार?

एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांमुळे बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. पेट्रोल वाचते, थंडीत गाडी लवकर चालू होते. पण बॅटरी पुरती मेली तर किक मारूनही ती बहुधा चालू होत नाही. आणि दिवा लागला तर तपासायला यंत्र लागते. म्हणून घेण्यापूर्वी विचारा, या कंपनीचे यंत्र असलेला कारागीर मोखाड्यात आहे, जव्हारला आहे, की थेट नाशिक-पालघरला जावे लागेल? जवळ ज्याची दुरुस्ती होते ती गाडी चांगली. बॅटरीची निगा ठेवा आणि किक असलेलीच गाडी घ्या.

२०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. इथेनॉल पाणी ओढते. पावसात टाकीचे झाकण नीट बसते का पाहा आणि बाटलीतले शिळे पेट्रोल घालू नका. फार जुनी गाडी घेत असाल तर तिच्या रबरी नळ्या बदलून घ्या.

आफ्रिकेत लेसोथो, गांबिया अशा देशांत आरोग्यसेवकांना डोंगराळ वाड्यांवर जाण्यासाठी फटफट्या दिल्या जात. त्या काही महिन्यांत मोडून पडत. 'रायडर्स फॉर हेल्थ' नावाच्या संस्थेने नवी गाडी देण्याऐवजी रोजची निगा शिकवली. निघण्यापूर्वी टायर, साखळी, तेल, ब्रेक, नट पाहायचे आणि भाग मोडायची वाट न पाहता ठरल्या वेळी बदलायचा. त्याच वाटांवर त्याच गाड्या मग वर्षानुवर्षे चालल्या. बैलाला रोज खरारा करतो तो काय तो आजारी असतो म्हणून? पाच मिनिटे गाडीलाही द्या.

हप्त्याचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पावतीत तो तसाच लावला आहे ना, हे पाहा.

मोठ्या, उंच गाडीची किंमत शंभर सीसीच्या गाडीच्या दुपटीच्या घरात जाते. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर हलक्या गाडीला दहा-अकरा लिटर लागतात, दोनशे सीसीच्या गाडीला सोळा-सतरा. म्हणजे महिन्याला सहा लिटरचा फरक, जन्मभराचा.

आता कर्जाचे. दुकानात सांगतात, "फक्त दहा टक्के व्याज." साठ हजार कर्ज, दोन वर्षे. दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे बारा हजार, एकूण बहात्तर हजार, महिना तीन हजार. सोपे वाटते. पण तुम्ही मुद्दल दरमहा फेडत असता आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवरच धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हेच व्याज वर्षाला अठरा टक्के पडते! म्हणून बँकेत विचारताना एकच प्रश्न विचारा, "घटत्या शिलकीवर दर किती?"

आणि हप्ता दरमहा येतो, पीक दरमहा येत नाही. आषाढ-श्रावणात घरात पैसा नसतो, तेव्हाच दोन हप्ते थकतात आणि दंड चढतो. गाडी ओढून नेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तीन हजारांच्या हप्त्यासाठी नाचणीचे बियाणे विकलेले घरही पाहिले आहे. म्हणून भाताचे पैसे आले की निम्मी रक्कम तरी रोख भरा, मुदत कमी ठेवा आणि पावसाळ्यातले चार हप्ते आधीच बाजूला काढून ठेवा. एवढे जमत नसेल तर एक वर्ष थांबा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे गाडीलाही लागू आहे.

जुनी गाडी घेण्यातही कमीपणा नाही. फक्त आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

परवाना आणि डोके

शेवटची गोष्ट, पण तीच सर्वांत मोठी. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण तो शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा वैध परवाना कागदांत लागतो. दारूच्या अमलाखाली असेल तर मदत मिळत नाही. नव्या गाडीच्या विम्यातले मालक-चालकाचे पंधरा लाखांचे अपघात संरक्षणही परवाना नसेल तर मिळत नाही. घरचा कर्ता जातो, आणि एका कागदावाचून मागे राहिलेल्यांच्या हाती काही येत नाही. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या मोबाइलवर देता येते. गाडीची पावती फाडण्याआधी परवाना काढा.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गिअरची गाडी देऊ नका. तसे केल्यास पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असा २०१९ पासून कायदा आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचे, दोन घ्या. चालवणाऱ्याचे एक आणि मागे बसणाऱ्याचे एक. मोठ्या गाडीऐवजी हलकी गाडी घेऊन जे पैसे वाचतात, त्यातले पहिले पैसे या दोन हेल्मेटांवर घाला.

थोडक्यात, बाजारात जाताना चिठ्ठीवर एवढे लिहून न्या. एकट्याने उचलते का? चवडे टेकतात का? वाटेवरचा गोटा पोटाखालून जातो का? घरातली बाई चालवू शकते का? दुरुस्ती जवळ आहे का? श्रावणातला हप्ता निघतो का? सहाही उत्तरे 'होय' आली तर नाव कोणतेही असो, रंग कोणताही असो, गाडी खुशाल घरी आणा.

पुढच्या अंकी उन्हाळी भाजीपाल्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू. तोवर तुमच्या वाटेचे, गाडीचे अनुभव पोस्टकार्डावर कळवा, इतरांना उपयोगी पडतील.

कळावे.